गुरुवारपर्यंत

उपजिल्हा रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावर
दर गुरुवारी बसतात कांडरकर मॅडम.
टेबलावर बीपीचं मशीन,
कुणीतरी आणून दिलेली दोन पपनसं,
आणि पंखा असा
की बोलणं त्याच्या लयीत तोडावं लागतं.
त्या म्हणाल्या, रोज एक फोटो काढ.
चांगला नको. मला दाखवू नको, कुणालाच नको.
फक्त जिथे थांबलीस, तिथला.

मी हसले बहुतेक.
फोटोंमुळेच तर आले होते इथवर:
पुण्यात, कर्वेनगरच्या त्या खोलीत
एका सेल्फीसाठी त्रेचाळीस वेळा
हनुवटी वर, हनुवटी खाली,
आणि टाकल्यावर फोन उशीखाली दाबून
त्याची थरथर मोजत पडलेली मी.
थरथरला नाही की उठून बघायची,
जिवंत आहे ना.
फोन. की मी, कोण जाणे.

पहिल्या दिवशीचा फोटो काळा आहे.
गोधडीच्या आतून काढलेला.
दुसऱ्या दिवशीचा गोधडीचाच, पण बाहेरून.
मग पाच दिवस काहीच नाही.
मग न्हाणीतला धूर,
बाबांच्या लुंगीवर चिकटलेले खवले.
उन्हात चमकतात ते,
बाबांना कधी सांगितलं नव्हतं.

वेंगुर्ल्याच्या बंदरावर लिलाव सुटला
की दगडांवर उरतं ते कुणी उचलत नाही:
बर्फाचं झिजलेलं ढेकूळ,
कावळ्याने अर्धवट सोडलेला एक पेडवा.
मी गुडघ्यांवर बसले.
त्याच्या डोळ्यावर माशी,
माशीच्या पंखात इवलंसं आभाळ.
अर्धा तास गेला.
अर्ध्या तासात मला माझा चेहरा आठवला नाही.

"काय गो, मेलेल्या पेडव्याचो फोटो काढतंस?"
रुक्मिण तांडेल. पाटी रिकामी, दातांना मिश्री.
"माझो काढ. झिलाक धाडूचो हा, कतारात.
तेका वाटता मी बारीक झालंय."
तिने पदर सारखा केला नाही, केसही नाहीत.
कोयती हातात घेतली, ठेवली, परत घेतली.
एकच काढ, म्हणाली, माका घाई हा.
एकच काढला.
बघते तर तिच्या लुगड्यावर आडवी पडलेली
माझी सावली, डोक्यासकट.
थांबा, म्हटलं, हा पुसते, दुसरा काढते.
"रवांदे," ती म्हणाली,
"कोणी काढलो तां कळांदे तेका."

सात महिन्यांतला माझा पहिला फोटो
कतारला गेला.

म्हणजे सगळं बरं झालं असं नाही.
अंगठा अजून आपोआप वर सरकवतो एकेक चेहरा.
शनिवारी गिरिजाच्या साखरपुड्याचे
एकशे बारा फोटो पाहिले,
प्रत्येकात शोधत,
मी कुठे उभी राहिले असते.
त्या दिवशीचा माझा फोटो:
ताट, तसंच.
आमटीवर धरलेली साय.

काल रात्री बाबांनी अंगणातून हाक मारली,
पाजवा आलाय म्हणून.
चपला न घालता गेले.
लाट फुटायची तिथे पाणी निळं पेटत होतं.
बाबांनी ओल्या वाळूतून पाय ओढला
तर पायामागे उजेड.
साठीचा माणूस, मुद्दाम पाय फरफटवत,
पुढे मागे, पुढे मागे,
आणि मध्येच माझ्याकडे बघून
काहीच न केल्यासारखा उभा.
फोन काढला. सवयीने नाही,
त्या दिवसाचा एक राहिला होता म्हणून.
माझा फोन साधा, वरची काच तडकलेली.
दाबलं.

काळा आला.
पुन्हा दाबलं. काळा.
पूस तो, बाबा म्हणाले, काय उपेग.
घरी येऊन, पाय न धुता,
पहिल्या दिवशीच्या शेजारी ठेवून पाहिला.
कुणालाही दाखवा,
सारखेच आहेत.

उद्या गुरुवार.
परसातलं पपनस वाकलंय भाराने,
दोन काढून ठेवलीत पिशवीत.